बेत माणसाचा, पाऊल कोणाचं?

पत्र: आमच्या वाचक मंडळात सध्या नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक ही बायबलमधली तीन पुस्तकं चालू आहेत. मागच्या बैठकीत नीतिसूत्रे १०:४ (दहावा अध्याय, चौथं वचन) वाचलं: ढिल्या हाताचा माणूस दरिद्री होतो, उद्योगी माणसाचा हात त्याला धनवान करतो. आमच्यातल्या एका काकांचं छपाईचं दुकान काही वर्षांपूर्वी पुरात गेलं, ते परत उभं राहिलं नाही. ते म्हणाले, "म्हणजे माझाच हात ढिला होता." त्यांना धीर द्यावा म्हणून कोणीतरी लगेच १६:९ वाचलं: माणूस बेत करतो, पावलं देव ठरवतो. काका म्हणाले, "म्हणजे दुकान त्याने बुडवलं," आणि चहा न घेताच निघून गेले. पुढच्या बैठकीत मला ४५ मिनिटं बोलायचं आहे. ही वचनं एकमेकांच्या विरोधात आहेत का? एक सभासद म्हणतात, हे आपलं दैव आणि प्रयत्नच, त्यात वेगळं काही नाही. ते खरं का? आणि काकांना काय सांगू?

उत्तर:

ताई,

विरोध आहे, आणि तो झाकायला जाऊ नका. ज्यूंच्या परंपरेनेही तो झाकलेला नाही. तालमूद या त्यांच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, शब्बात नावाच्या भागाच्या ३०व्या पानावर नोंद आहे की उपदेशकातली वचनं एकमेकांना खोडतात म्हणून रब्बींनी, म्हणजे ज्यूंच्या धर्मपंडितांनी, ते पुस्तक बाजूला ठेवून द्यायचं मनात आणलं होतं. नीतिसूत्रांबद्दलही तोच विचार झाला होता. नीतिसूत्रांच्या बाबतीत उदाहरण दिलंय ते २६:४ आणि २६:५ चं. पहिलं वचन म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको. लगेच पुढचं म्हणतं, दे. दोन वचनं पाठीला पाठ लावून ठेवलेली आहेत, म्हणजे संकलकाच्या नजरेतून विरोध सुटला असं म्हणायला जागाच नाही. रब्बींनी तोड काढली ती अशी: एक वचन धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी, दुसरं रोजच्या व्यवहारासाठी. ही तोड पटो न पटो, तिची रीत उचलण्यासारखी आहे. वचन खरं की खोटं हे विचारण्याआधी ते कोणत्या वेळचं आहे ते विचारायचं. तुमच्या भाषणाची सुरुवात इथूनच करा.

आता मुळाशी जाऊ. या पुस्तकांना ज्ञानाची पुस्तकं म्हणतात ते 'होखमा' या हिब्रू शब्दावरून. मराठीत 'ज्ञान' म्हटलं की तत्त्वज्ञान डोळ्यांपुढे येतं. होखमा मात्र हातातल्या कसबालाही म्हणतात. बायबलच्याच निर्गम या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात निवासमंडपाचं, म्हणजे तंबूतल्या देवस्थानाचं, सोन्याचं, लाकडाचं, खड्यांचं काम करणाऱ्या बसालेलाला जे मिळालं ती होखमा, आणि स्तोत्र १०७ मध्ये वादळात खलाशांची जी संपते तीही होखमाच. म्हणून नीतिसूत्रांतलं वचन उस्तादाने शिकाऊ पोराला सांगितलेल्या बोलासारखं ऐकावं. ते कामाच्या आधी सांगितलेलं असतं: हात ढिला सोडू नको, पोटाला मिळणार नाही. हा बोल आचरणाकडून फळाकडे जातो. तो उलटा फिरवला, फळाकडे बघून आचरण ठरवलं, की त्याचा निवाडा होतो. "उद्योगी माणसाला मिळतं" यावरून "याला मिळालं नाही, म्हणजे हा उद्योगी नव्हता" असं निघत नाही. तुमच्या बैठकीत घोटाळा झाला तो एवढाच, पण दोनदा झाला. आधी १०:४ उलटं वाचलं गेलं, मग त्यावर उतारा म्हणून १६:९ काढलं आणि तेही उलटंच वाचलं गेलं.

नीतिसूत्रांनाही हा उलटा अर्थ मान्य नाही, हे त्याच पुस्तकातून दाखवता येतं. १३:२३ काढा. गरिबाच्या नांगरलेल्या शेतात भरपूर पिकतं, पण अन्यायाने ते वाहून जातं. शेत नांगरलेलं आहे, हात ढिला नाही, तरी घरात काही नाही. १०:४ आणि १३:२३ एकाच संग्रहात आहेत. १०:१ ते २२:१६ या त्या संग्रहात ३७५ वचनं आहेत, आणि हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो, त्या हिशेबाने हा संग्रह ज्याच्या नावावर आहे त्या शलमोन राजाच्या नावाची बेरीजही ३७५ येते. म्हणजे निवड मोजूनमापून केलेली दिसते. तुमच्या कागदावर ही दोन वचनं एकाच ओळीत घ्या, एकटं १०:४ नको.

सगळ्यात जास्त वेळ १६:९ ला द्या, कारण चुकीचा अर्थ सर्वाधिक याच वचनाचा होतो. हिब्रूत ते जेमतेम सात शब्दांचं आहे. माणसाचं मन 'देरेख'चा, म्हणजे वाटेचा, 'हिशेब' करतं. हे क्रियापद ह-श-व या धातूचं आहे, आणि आपला हिशेब ज्या अरबी ह-स-ब वरून आला त्याचा तो सख्खा भाऊ. दुसऱ्या अर्ध्यात परमेश्वर 'त्सअद', म्हणजे एक पाऊल, पक्कं करतो. वाट आणि पाऊल हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि मराठीत घाईने वाचताना तो फरक हातून निसटतो. माणूस अख्ख्या रस्त्याचा आराखडा मांडतो, आणि एकेक पाऊल कुठे पडेल ते मात्र त्याच्या हातात नसतं. बेत करणं चूक आहे असं वचन म्हणत नाही. उलट १६:३ मध्ये कामं परमेश्वरावर सोपव म्हणजे बेत सिद्धीस जातील असं आहे, आणि तिथे 'पक्कं होणे' हा धातू तोच आहे. २१:३१ तर आणखी सरळ: लढाईच्या दिवसासाठी घोडा तयार केलेला असतो, पण जय परमेश्वराकडे. घोडा तयार आहेच! त्याला खरारा करायचा नाही, नाल मारायची नाही, असं कोणी सांगितलेलं नाही. १६:३३ मध्ये चिठ्ठी पदरात टाकायची माणसाने, कौल परमेश्वराचा. ही वचनं ज्याचा बेत अजून कागदावर आहे आणि छाती जरा जास्त फुगलीय, त्याच्यासाठी आहेत. दुकान बुडून बसलेल्या माणसासाठी ती लिहिलेली नाहीत.

इथे एक मोठी चूक होते, ती टाळा. काहीजण वचनांचे दोन ढीग करतात: अमुक माणसाच्या बाजूची, तमुक देवाच्या. मग किती टक्के माणूस आणि किती टक्के देव, असा वाद सुरू होतो. १५:३३ पासून १६:९ पर्यंत जवळजवळ प्रत्येक वचनात परमेश्वराचं नाव येतं आणि त्याच वचनांत माणसाचं मन, बेत, जीभ, वाट हेही आहे. दोन्ही पारडी एकाच ओळीत आहेत. वाटणी करायला गेलात तर वचनाचे तुकडे होतील, दुसरं काही होणार नाही.

ईयोबाच्या पुस्तकात हाच उलटा वापर वेशीवर टांगलाय. ईयोब हा निर्दोष माणूस, आणि तरी त्याची मुलं आणि मालमत्ता सगळं जातं. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तिघे मित्र नीतिसूत्रं पाठ असलेले लोक आहेत. अलीफज ४:७ मध्ये विचारतो, निर्दोष असून कोणाचा नाश झालाय? बिल्दद ८:४ मध्ये मुलं गेलेल्या बापाला तोंडावर सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, त्याचं फळ त्यांना मिळालं. वाचकाला पहिल्या दोन अध्यायांतून ठाऊक आहे की हे खोटं आहे. ईयोबाला खरं कारण शेवटपर्यंत कळत नाही. त्याची परीक्षा घेण्याबद्दल स्वर्गात काय बोलणं झालं ते देव त्याला कधीच सांगत नाही. हे मंडळाला आवर्जून सांगा, कारण बरेचजण पहिले दोन अध्याय वाचतात, मधले ३९ सोडतात आणि ४२व्यावर उतरतात. मग धडा निघतो की धीर धरला तर सगळं दुप्पट मिळतं. सात हजार मेंढरांची चौदा हजार झाली, तीन हजार उंटांचे सहा हजार झाले, हे खरं. पण ४२:१३ मध्ये मुलं दुप्पट नाहीत. सात मुलगे, तीन मुली, आधीइतकेच, आणि हे ते गेलेले नव्हेत. काकांसमोर हा दुपटीचा हिशेब काढू नका.

वादळातून देव बोलतो त्या ३८ ते ४१ या अध्यायांत "चूक तुझी की इच्छा माझी" हा प्रश्न घेतलेलाच नाही. ३८:२६ वाचून दाखवा: जिथे माणूस नाही अशा रानात पाऊस कोण पाडतो? हा पाऊस कोणाच्या पापाची शिक्षा नाही आणि कोणाच्या पुण्याचं बक्षीसही नाही, कारण तिथे माणूसच नाही. पाऊस म्हणजे माणसाच्या वागण्याची पावती, हे गृहीतच एका ओळीत निखळतं. आणि मग ४२:७. देव अलीफजला म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी माझा सेवक ईयोब बोलला तसं योग्य बोलला नाहीत. देवाची बाजू घेणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला. हे वाक्य दोनदा वाचा. (छापील हिब्रू प्रत आणि मराठी प्रत यांच्या क्रमांकांत ईयोब ४१ आणि उपदेशक ५ इथे फरक पडतो. हिब्रू प्रत घेऊन कोणी आलं तर गोंधळ नको, म्हणून आधीच सांगून ठेवा.)

उपदेशक हा तिसरा आवाज, आणि तुमच्या मंडळातल्या प्रौढ माणसांना बहुधा तोच सर्वात जवळचा वाटेल. मराठीत 'व्यर्थ' म्हणून येणारा शब्द हिब्रूत 'हेवेल' आहे, म्हणजे वाफ, श्वास. पुस्तकात तो ३८ वेळा येतो. 'व्यर्थ' म्हटलं की फुकट गेल्याची भावना येते. वाफ फुकट नसते, ती हातात धरता येत नाही एवढंच. सरळ वागूनही भावाच्या हातून मेला त्या हाबेलाचं हिब्रू नावही हेच, हेवेल. ३:२ ते ३:८ मध्ये चौदा जोड्यांत अठ्ठावीस समय सांगितले आहेत. ही यादी लोक सुविचारासारखी भिंतीवर लावतात आणि ३:९ ते ३:११ सोडून देतात. तिथे उपदेशक विचारतो, मग राबणाऱ्याला मिळालं काय? देवाने प्रत्येक गोष्ट तिच्या वेळी सुंदर केली, माणसाच्या मनात अनंताची ओढ ठेवली, आणि तरी आदिपासून अंतापर्यंत देवाने काय केलं ते माणसाला उमगत नाही. वेळ ठरलेली आहे, पण ती कोणती ते तुम्हाला सांगितलेलं नाही. उपदेशकाचं दुखणं हेच आहे.

९:११ मध्ये तर तो नीतिसूत्रे १०:४ च्या समोरच उभा राहतो: वेगवान असतो तोच शर्यत जिंकतो असं नाही, शहाण्याला भाकर मिळतेच असं नाही, सगळ्यांना काळ आणि 'पेगा' गाठतात. पेगा म्हणजे समोरून येऊन आदळलेली गोष्ट. तिच्यात शिक्षा किंवा बक्षीस असा अर्थ नाही. पुराला यापेक्षा नेमका शब्द सापडणं कठीण.

पण उपदेशक हातपाय गाळून बसत नाही, आणि हे त्याच्याबद्दल फार कमी सांगितलं जातं. ११:२ मध्ये सल्ला आहे: सात जणांना, आठ जणांनाही वाटा दे, पृथ्वीवर काय अरिष्ट येईल तुला माहीत नाही. म्हणजे सगळं एकाच टोपलीत नको. ११:४: वारा बघत बसणारा पेरणी करणार नाही. ११:६: सकाळी बी पेर, संध्याकाळीही हात आवरू नको, कारण हे फळेल की ते, की दोन्ही, तुला माहीत नाही. ११:२ आणि ११:६ मधलं "तुला माहीत नाही" अधोरेखित करा. नीतिसूत्रांत माणूस काम करतो कारण फळ मिळतं. उपदेशकात तो काम करतो कारण फळ कुठून येईल ते ठाऊक नाही. कृती तीच, कारण उलटं. एवढं एक निरीक्षण मंडळाच्या पदरात पडलं तरी ४५ मिनिटं सार्थकी लागली.

बेन सिराला पाच मिनिटं द्याच. हे पुस्तक साधारण इसवी सनापूर्वी १८० च्या सुमाराला यरुशलेममध्ये लिहिलं गेलं. ज्यूंच्या आणि प्रोटेस्टंट बायबलमध्ये ते नाही, कॅथलिक बायबलमध्ये आहे, म्हणून तुमच्या हातातल्या प्रतीत कदाचित सापडणार नाही. इथे दोन्ही मतं एकाच माणसाच्या लेखणीतून येतात. १५व्या अध्यायात तो बजावतो, "माझं पाप देवामुळे घडलं" असं म्हणू नको, तुझ्यासमोर आग आणि पाणी ठेवलंय, हवं तिकडे हात कर. आणि ३३व्यात म्हणतो, कुंभाराच्या हातात माती तशी माणसं, कोणाला त्याने उंचावलं, कोणाला खाली आणलं. जोडकाम त्याने केलेलं नाही. पण ३८:१ ते १५ मध्ये वैद्याबद्दल जे लिहिलंय त्यात त्याची रीत दिसते. आजारी पडलास तर प्रार्थना कर, दोष टाकून दे, अर्पण कर, आणि मग वैद्याला जागा दे, कारण त्याचीही गरज आहे. औषधं देवानेच जमिनीतून उगवली आहेत, शहाणा माणूस ती नाकारत नाही. आणि वैद्यसुद्धा गुण यावा म्हणून प्रार्थना करतो. देव की डॉक्टर, हा प्रश्नच इथे उरत नाही.

पुढचा इतिहास भाषणात घेऊ नका, वेळ पुरणार नाही. कोणी विचारलं तर एवढं सांगा. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस तेव्हाच्या तीन ज्यू पंथांबद्दल लिहितो की एसेनी सगळंच नियतीवर सोडत, सदूकी नियती मानतच नसत, आणि परूशी काही नियतीचं, काही माणसाचं म्हणत. रब्बी अकीवांच्या नावावर 'पिर्के आवोत' या रब्बींच्या वचनसंग्रहाच्या तिसऱ्या अध्यायात वचन आहे: सगळं पाहिलं जातं, तरी मोकळीक दिलेली आहे. 'पाहिलं जातं' म्हणजे आधीच दिसलेलं की नजरेखाली असलेलं, यावर आजही दोन अर्थ सांगितले जातात.

आता दैव आणि प्रयत्न. तुलना वर्ज्य नाही, पण ती शेवटच्या चर्चेत ठेवा आणि भाषणात 'प्रारब्ध', 'संचित', 'कर्मफळ' हे शब्द कटाक्षाने टाळा. हे शब्द आले की मागचा जन्म येतो, आणि मागचा जन्म आला की ईयोबाचं पुस्तक संपलंच. त्याची सगळी कळ याच गोष्टीत आहे की हिशेब पुढे-मागे ढकलायला दुसरा जन्म नाही. न्याय याच आयुष्यात हवा आणि तो दिसत नाही. 'दैव'ही नको. नीतिसूत्रांत चिठ्ठीमागे नाव असलेला देव आहे, ज्याच्याशी भांडता येतं. मराठीत बोलताना "माणसाच्या हातातलं" आणि "देवाच्या हातातलं" एवढं साधं म्हटलंत तरी पुरे.

वेळ अशी वाटा: २६:४-५ ला ४ मिनिटं, नीतिसूत्रांना १०, ईयोबाला १०, उपदेशकाला ८, बेन सिराला ५, उरलेली ८ चर्चेला. कागद एका पानाचा आणि त्यावर दहा-बारा वचनांहून जास्त नकोत. प्रत्येक वचनासमोर तीन शब्दांत लिहा: कोण बोलतंय, कोणाला, कामाच्या आधी की नंतर. सगळ्यात उपयोगी पडेल तो हा तिसरा रकाना. ईयोबाच्या मित्रांचं वचन घेतलंत तर बोलणाऱ्याचं नाव लिहायला विसरू नका. पुस्तकातच चुकीची ठरलेली त्यांची वाक्यं, नाव गळाल्यावर शुभविचार म्हणून फिरताना दिसतात.

राहिले काका. बैठकीच्या दोन-तीन दिवस आधी त्यांना फोन करा, बैठकीत सगळ्यांदेखत विषय काढू नका. त्या दिवशी वचन चुकीच्या वेळी वाचलं गेलं, असं सरळ सांगा आणि माफी मागा. समजूत घालायला आणखी एक वचन काढू नका. आणि हेही सांगा की "म्हणजे दुकान त्याने बुडवलं" हे त्यांचं वाक्य पवित्र शास्त्रात आहे. ईयोब ९:२४ मध्ये ईयोब जगातला अन्याय मोजतो आणि विचारतो, तो नाही तर मग कोण? ज्याला ४२:७ मध्ये देव योग्य म्हणतो, त्याच माणसाचा हा प्रश्न आहे. बैठकीत हे वचन ते स्वतः वाचतील का, एवढं विचारा. नको म्हणाले तर तुम्ही वाचा, आणि ते वाचल्यावर मिनिटभर कोणाला बोलू देऊ नका.